साचा एक, आखणी निराळी
(पेण व रोहा तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. एरवीही पावसाळ्यात वीज जाणे आपल्याला नवे नाही. संगणकाची प्रणाली अद्ययावत होत असतानाच ती गेली, तर काही भाग नवा व काही जुना अशी अवस्था होऊन संगणक सुरूच होत नाही. मग दाखल्यासाठी आलेल्या माणसाला परत पाठवावे लागते.

‘अपरिवर्तनीय’ लिनक्स हा यावरील एक उपाय आहे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत दोष आढळला तर कारागीर साचा दुरुस्त करतो. प्रत्येक मूर्ती कोरीत बसत नाही. डोळ्यांची आखणी मात्र मूर्तीगणिक हातानेच होते. येथेही मूळ प्रणाली अखंड, हात न लावण्याजोगी असते. आपली कागदपत्रे वेगळी राहतात. नवी आवृत्ती बाजूला तयार होते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावरच वापरात येते. मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत असते. नवी बिघडली तर जुनीकडे परतता येते.

अशा प्रणालीवर कामाचे कार्यक्रम ‘कंटेनर’मध्ये चालतात. रोहा तालुक्यातील कोलाडहून कोकण रेल्वेने १९९९ पासून मालासकट ट्रक वाघिणींवर चढवून वेर्ण्यास नेले. माल उतरविणे नाही, पुन्हा भरणे नाही. कंटेनरही तसाच, कार्यक्रम आपला सारा सरंजाम बरोबर घेऊन येतो.

आता निवड. सर्व्हर एकसारखे व अनेक असतील, तर फेडोरा कोअरओएस किंवा फ्लॅटकार घ्यावे. त्यांत सर्व मांडणी आधीच एका फायलीत लिहून द्यावयाची असते, आणि ती शिस्त अंगी बाणवावी लागते. शाळेच्या कपाटात एकच यंत्र असेल, तर ओपनसूसेचे मायक्रोओएस मला अधिक सोयीचे वाटते. ते नेहमीच्या रीतीने बसविता येते. प्रणाली कोण सांभाळतो हेही विचारावे. मूळची ‘कोअरओएस कंटेनर लिनक्स’ २०२० मध्ये बंद झाली व तिच्या वापरकर्त्यांना दुसरीकडे जावे लागले.

टेबलावरील संगणकासाठी फेडोरा सिल्व्हरब्लू चांगली आहे. तेथे बहुतेक कार्यक्रम फ्लॅटपॅकच्या रूपाने येतात. परंतु येथे मी घाई करू नका असेच म्हणेन. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याच्या ठशाचे यंत्र आणि प्रिंटर यांना मूळ प्रणालीतच काही जोडावे लागते, आणि अपरिवर्तनीय प्रणालीत नेमके तेच कष्टाचे असते. एका संगणकावर महिनाभर ही तीन यंत्रे चालवून पाहावी. न चालल्यास त्या टेबलापुरती साधी लिनक्स ठेवण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. मागे फिरते ती प्रणाली. जन्म-मृत्यूची नोंद पुसली गेली, तर ती त्यामुळे परत येत नाही. नोंदींची प्रत दररोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी लागते, आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवून भागत नाही.