फुकटचा फळा

(शिक्षक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



शाळेत संगणक असावा की नसावा, हा वाद आता मागे पडला आहे. आजचा प्रश्न असा की, संगणकावरील वह्या कोणाच्या कपाटात राहतात? 'क्लाउड' या शब्दाने आपली थोडी फसगत होते. वस्तुतः तेथे ढग वगैरे काही नसतो. ऐरोली-महापे परिसरात आहेत तशा, अहोरात्र वीज खाणाऱ्या इमारती असतात, आणि त्यांतील यंत्रांना मालक असतो.

ही साधने टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, महाराष्ट्र शासनाने गूगलची वर्गसाधने शाळांसाठी स्वीकारली. जनगणना, निवडणूक आणि शंभर तक्ते यांत पिचलेल्या शिक्षकाला प्रश्नपत्रिका आपोआप तपासून मिळत असेल, तर त्याला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. ज्या घरात फोनच नव्हता तेथील मुले बाहेर राहिली, हे दुःख निराळे.

तथापि फुकट मिळणारी वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर मिळते. विद्यार्थ्यांच्या टपालाचे जाहिरातींसाठी होणारे यांत्रिक वाचन आपण थांबवीत आहोत, असे गूगलने एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केले. म्हणजे तोवर ते चालू होते! शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देऊ केलेल्या याच कंपनीने २०२१ मध्ये संस्थेमागे १०० टेराबाइटची मर्यादा जाहीर केली. तोपर्यंत विद्यापीठांचे सारे दप्तर तेथे जाऊन बसले होते.

डेन्मार्कमधील हेल्सिंगोर नगरपालिकेचे उदाहरण कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. शाळेने उघडून दिलेल्या खात्यामुळे आपल्या मुलाचे नाव यूट्यूबवर उघड झाले, अशी एका पालकाची तक्रार होती. तिचा पाठपुरावा होता होता जुलै २०२२ मध्ये तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने त्या नगरपालिकेच्या शाळांत गूगलची साधने वापरण्यास बंदी केली. मुलांना कोणता धोका संभवतो, याचा पुरेसा विचारच नगरपालिकेने केला नव्हता. सप्टेंबरात बंदी तहकूब झाली, कारण शाळा अडल्या; अवलंबित्व म्हणतात ते हेच. परंतु प्रकरण मिटले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ५३ नगरपालिकांना बजावण्यात आले की, कंपनीला स्वतःच्या सेवा विकसित करण्यासाठी मुलांची माहिती देण्याचा अधिकार तुम्हांला कायद्याने नाही. एका बापाच्या अर्जाने एवढे घडले.

केरळमध्ये शिक्षक संघटनांच्या रेट्याने शाळांतील संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर आले. त्याच केरळने २०२१ मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी गूगलचीच व्यवस्था घेतली. याबद्दल त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःचे सर्व्हर उभारणे आणि ते सांभाळणारी माणसे पगारावर नेमणे हे सरकारी अंदाजपत्रकाचे काम आहे, मुख्याध्यापकांच्या उत्साहाचे नव्हे. मूडलसारखी मुक्त साधने २००२ पासून उपलब्ध आहेत. ती चालवणारे हात मात्र कोणी फुकट देत नाही.

आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली. नोव्हेंबर २०२५ मधील नियमांनी शिक्षणसंस्थांना त्यात काही सवलत दिली आहे. म्हणून गावातल्या समितीवरच भिस्त. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खाते उघडताना मान्य केलेल्या अटी मराठीत वाचून दाखवा, आणि वर्ष संपल्यावर मुलांच्या वह्या परत कशा मिळणार व तेथून पुसल्या कशा जाणार, हे विचारा, एवढी मागणी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर नोंदवून घ्या. अध्यक्षांनी टाळाटाळ केली, तर लेखी द्या आणि पोच घ्या.