यंत्र सामाईक, तर नियमही सामाईक

(उरण येथील हौशी सीएनसी कारागिरांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने वादात पडू नये, समारोपाला चार गोड शब्द बोलावेत आणि आभारप्रदर्शनाला वाट करून द्यावी, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. सकाळच्या सत्रात जो ठराव वाचला गेला तो ऐकून मी गप्प बसलो, तर या खुर्चीवर बसण्याचा मला अधिकार उरत नाही.

ठराव असा आहे : आपल्या शेडमधल्या सामाईक सीएनसी राउटरच्या सेटिंगच्या फायली, रेखाटनं आणि आपण बदललेलं फर्मवेअर यापुढे तिघा संस्थापकांच्याच ताब्यात राहील. बाकीच्या सभासदांनी तयार जॉब लावावा, चालवावा, घरी जावं. आत हात घालू नये. कारण दिलंय शिस्तीचं. मी या ठरावाच्या विरोधात आहे आणि विरोधाची कारणं तिघांच्या तोंडावर सांगणार आहे.

आधी हे सांगा, ते फर्मवेअर आहे कोणाचं? आपल्या बोर्डात जीआरबीएल चालतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी ते २००९मध्ये लिहिलं, पुढे सनी जिऑन यांनी ते वाढवलं, पक्कं केलं. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये प्रोग्रॅमला जागा ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी रॅम फक्त २ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी तीन अक्षांची हालचाल, वेग वाढवणं-उतरवणं, कोपऱ्यावर पुढच्या वळणाचा आधीच अंदाज घेणं, सगळं बसवलं. ही असामान्य कारागिरी त्यांनी जीपीएल परवान्याखाली जगाला दिली. परवाना काय म्हणतो? वापरा. बदला. विकासुद्धा. पण बदललेलं दुसऱ्याच्या हाती दिलंत, तर त्याचा सोर्स कोडही त्याला द्या. मुख्य अट ही आहे आणि ती कायद्याने बांधणारी आहे.

आपल्या तिघांनी त्यात भर घातली. स्पिंडल सुरू झाला की लिमिट स्विचला खोटे सिग्नल जायचे, यंत्र मधेच अडकायचं. तो उपद्रव त्यांनी थांबवला. काम उत्तम आहे, त्याचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे, आणि ते मी या माईकवरून देतो. पण परक्या माणसांनी मोकळेपणाने दिलेल्या हजारो ओळींवर आपल्या चाळीस-पन्नास ओळी चढवायच्या आणि सगळ्याला मिळून कुलूप लावायचं, हा हक्क कुठून आला? गेल्या गणपतीआधी आपल्याच एका सभासदाने या कोडासह दोन यंत्रं बाहेर विकली. घेणाऱ्याला सोर्स दिला नाही, सेटिंग बदलायची सोयही बंद करून दिली. विक्रीला माझा आक्षेप नाही. घाम गाळून यंत्र जोडणाऱ्याला पैसा मिळालाच पाहिजे. आक्षेप लपवण्याला आहे. ती परवान्याची उघड पायमल्ली आहे, आणि आजचा ठराव त्या पायमल्लीलाच गटाचा नियम करू पाहतोय.

“सगळ्यांना आत हात घालू दिला तर यंत्राची वाट लागेल” असं सकाळी ऐकलं. मग गेल्या श्रावणात शेडमध्ये काय झालं ते ऐका. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आपल्याकडे प्लायच्या आणि एमडीएफच्या मखरांची कामं वाढली आहेत, हे तुम्ही जाणताच. एका मखराच्या कमानीचे दोन भाग जुळेनात. आयटीआयला जाणाऱ्या एका मुलीने यंत्राला एक्स अक्षावर १०० मिलिमीटर जायला सांगितलं आणि स्टीलपट्टी लावली. भरले साडेसत्याण्णव. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या सभासदाने लगेच सल्ला दिला, डॉलर १०० नंबरच्या सेटिंगमधला आकडा वाढव, जुळेल. तिने नकार दिला. तिने वहीत हिशेब मांडला : मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हरवर त्याच्या सोळापट, म्हणजे ३२००, स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे एका मिलिमीटरला ८००. बोर्डात आकडा ८००च होता. मग तिने तीच चाल पुन्हा पुन्हा देऊन पाहिली. एकदा ९८ भरले, एकदा ९७च्याही आत. आकडा चुकला असता तर चूक दर वेळी सारखीच आली असती. ती खाली वाकली, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवर बोट ठेवलं, आणि ग्रब स्क्रू ढिला निघाला. ॲलन कीने आवळला. पट्टीवर १०० भरले.

आजचा ठराव मंजूर झाला, तर या मुलीला तो ८००चा आकडा दिसणारसुद्धा नाही. ती तिघांपैकी कोणाची तरी वाट पाहत बसेल, आणि येणारा माणूस घाईत असला तर आकडा वाढवून मोकळा होईल. यंत्राची वाट लागते ती अशी! उघडं यंत्र शिकवतं. बंद यंत्रापुढे माणूस फक्त बटण दाबणारा होतो.

आणि बटण दाबणारं होणं म्हणजे काय, हे उरणच्या माणसाला मी सांगायचं? १९८९मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. आपल्या शेतांवर आणि मिठागरांवर कंटेनर उभे राहिले. इथल्या कितीतरी घरांतले तरुण आज त्या पट्ट्यात कंत्राटावर राबतात, पण डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये काय चाललंय ते त्यांना कोणी दाखवत नाही. त्याआधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्यांपैकी पाच जण गोळीबारात गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. ते कागदावर आलं म्हणून आपण पुढची दशकं ते दाखवून भांडू शकलो. कोणा साहेबाच्या तोंडी शब्दावर राहिलो असतो, तर भांडायलाही काही उरलं नसतं. अशा तालुक्यात, आपल्या हाताने जोडलेल्या यंत्राचे हक्क आपण तिघांच्या सद्भावनेवर सोडायचे? तिघे भले आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्यानंतर कोण, हा माझा प्रश्न आहे.

जगात हा पेच आधी येऊन गेलाय. ज्या लिनक्ससीएनसीवर आपल्यातले लेथवाले आणि मिलिंगवाले काम करतात, त्याचा जन्म अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत, निस्टमध्ये, १९९०च्या दशकात झाला. जनतेच्या पैशातून झालेलं काम म्हणून ते कोणाच्याही मालकीचं न ठेवता खुलं केलं गेलं आणि हौशी लोकांनी ते पुढे नेलं. त्याचं मूळ नाव ईएमसी. त्या नावाची एक बडी कंपनी होती. तिच्या ट्रेडमार्कमुळे २०१२च्या सुमारास नाव बदलावं लागलं. पुढे २०१४च्या सुमारास कामाच्या दिशेवरून मतभेद झाले आणि काही जण बाहेर पडून त्यांनी मशीनकिट नावाची वेगळी शाखा काढली. कोड खुला होता म्हणून जाणाऱ्यांना रिकाम्या हाताने जावं लागलं नाही आणि राहणाऱ्यांचंही काम थांबलं नाही. भांडणं होणारच. भांडणानंतर दोन्ही बाजू जिवंत राहतील अशी तजवीज हवी.

आर्डुइनोचं उदाहरण तर आपल्या खिशातलं आहे. पाच संस्थापक. सगळी आरेखनं जगाला मोकळी दिलेली. पण नाव कोणाचं, हे वेळेवर नीट ठरवलं नाही. एका संस्थापकाच्या कंपनीने इटलीत ते नाव आपल्याकडे नोंदवून घेतलं, २०१५मध्ये भांडण चव्हाट्यावर आलं, अमेरिकेबाहेर तोच बोर्ड जेन्युइनो या नावाने विकायची पाळी आली. २०१६मध्ये समेट झाला, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालंच. आणि आपल्याकडे? आपल्या गटाचं नाव आज एका सभासदाच्या दुकानाच्या पाटीवर झळकतंय. त्याला कोणी विचारलं का? त्याने कोणाला विचारलं का? हे आजच मिटवायचं. नाव गटाचं आहे, ते पाटीवरून उतरलं पाहिजे.

ठरावाच्या बाजूने तिघांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. कोडमध्ये काय घ्यायचं, काय नाही, हे हात वर करून ठरत नाही. मोटरला किती करंट द्यायचा यावर मतदान घेणारा गट यंत्र जाळून बसेल. तिथे जाणकाराचाच शब्द चालला पाहिजे. पण जाणकार नेमायचा कोणी आणि काढायचा कोणी, हे सभासदांच्या हातात असतं. डेबियनवाल्यांनी, ज्यांच्या प्रणालीत आता लिनक्ससीएनसी थेट मिळतं, १९९८मध्येच आपली लेखी घटना केली. त्यांचा प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडला जातो आणि त्याचा निर्णय फिरवण्याचा अधिकार सभासदांना आहे. देशोदेशींची माणसं, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, तरी त्यांचं चालतं. आपण एका तालुक्यातले, एकमेकांच्या हळदीला जेवलेले. आपल्याला जमत नाही म्हणता?

आता टाळ्या वाजवणाऱ्यांकडे वळतो. तुम्हालाही सोडणार नाही. तळोज्याहून कुणाकडून तरी आणलेली क्रॅक केलेली कंट्रोल सॉफ्टवेअरं तुमच्यापैकी किती जणांच्या लॅपटॉपवर आहेत? खुलं सॉफ्टवेअर हाताशी असताना चोरीचं वापरायचं आणि खुलेपणाच्या बाजूने टाळ्या पिटायच्या, हे एकाच तोंडाने चालणार नाही. शेडमधून फाइल न्यायची, दुरुस्त करायची आणि दुरुस्त केलेली परत आणायची नाही, हेही लपवणंच आहे. खाऱ्या हवेत गाइड रेल आठवडाभरात तांबूस होतात हे ठाऊक असून काम संपल्यावर तेलाचा बोळा फिरवायला किती जण थांबतात? तिघे चिडले ते उगाच नाही. सगळं साफ तेच करतात, मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून लॅमिंग्टन रोडवरून ड्रायव्हर आणतात तेच, आणि परत येताना ओहोटी लागली तर अडकून पडतात तेच. हक्क मागणाऱ्याने पाळीही घेतली पाहिजे.

आणि आपल्या भाषेत कागद हवेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम काढला, शाळेत न रमलेल्या मुलांच्या हातात हत्यारं दिली. एमआयटीची फॅब लॅब २००२मध्ये तिथे पोहोचली, तेव्हा ती अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी होती. शिरूर तालुक्यातल्या खेड्यात हे झालं, कारण तिथे हाताने करून शिकण्याची रीत आधीच होती आणि ती मराठीत होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आणले. आपल्या शेडच्या भिंतीवर मात्र होमिंग कसं करायचं, जॉबचा झिरो कसा घ्यायचा, याचं एक पानही मराठीत नाही. नवा पोरगा येतो आणि ज्याला येतं त्याच्या मागे मागे फिरतो. ज्ञान असं तोंडी राहिलं की ते मोजक्यांच्या मर्जीचं होतं.

एका बाबतीत मात्र मी तिघांहून कडक आहे. इमर्जन्सी स्टॉप. कीबोर्डवरची कळ दाबून यंत्र थांबतं यावर विसंबू नका. संगणक अडकला, यूएसबीची केबल हलली, की ती कळ मेली. लाल बटणाने स्पिंडलचा आणि मोटरांचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे. ती वायरिंग ठरवलेल्या माणसांखेरीज कोणी बदलायची नाही, आणि हातमोजे घालून फिरत्या बिटाजवळ कोणी जायचं नाही. इथे चर्चा नाही, सूट नाही. शिस्त हवी तर ती इथे दाखवा.

म्हणून मी पर्यायी ठराव मांडतो. गटाची १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी. त्याला सात माणसं पुरतात, इथे त्याहून कितीतरी जास्त बसली आहेत. नाव, यंत्र आणि बँकेतले पैसे संस्थेचे. फर्मवेअर, सेटिंग आणि रेखाटनं सगळ्या सभासदांना खुली. प्रत्येक बदल करणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह वहीत नोंदलेला. तांत्रिक जबाबदारी तिघांकडेच राहावी, अशी माझी स्वतःची सूचना आहे, पण एका वर्षासाठी, निवडून देऊन, आणि चौथी म्हणून त्या कपलिंगवाल्या मुलीचं नाव मी सुचवतो. बाहेर विकलेल्या दोन्ही यंत्रांचा सोर्स या महिन्याच्या आत ज्याचा त्याला पोहोचता करावा.

दोन्ही ठराव आता सभेपुढे आहेत. मतदानाआधी एक तास चर्चेला ठेवला आहे. ज्यांना मला विरोध करायचा आहे त्यांनी चहाच्या टपरीवर करू नये, इथे वर यावं, नाव सांगावं आणि माईकवर बोलावं. पहिली संधी तिघा संस्थापकांना देतो.