अंगण वाकडंच होतं

मी बी.ए. मराठीचा माणूस. गणिताशी माझं नातं मात्रा मोजण्यापुरतं. गझल लिहिताना बोटांवर लघु-गुरू मोजत बसतो, तेवढंच. तरीही आज मी संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझी मुलगी, आणि तिला मी टाकून बोललो होतो तो एक शब्द.

गोष्ट २०१८ची. मुलगी अ‍ॅनिमेशन शिकत होती. अभ्यासाचा भाग म्हणून ती संगणकावर एक पुणेरी वाडा उभा करत होती. दिंडी दरवाजा, चौक, चौकात वृंदावन, सगळं काही. तिला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. दुकानदारानं दोन खोकी पुढं ठेवली. नाव तेच, दोन्हींवर '२ जीबी' लिहिलेलं, एक काहीशे रुपयांनी स्वस्त. "काका, दोन्ही सारखीच," तो म्हणाला. मी स्वस्तातलं उचललं. कोणत्या कंपनीचं होतं ते सांगत नाही. खोका न वाचण्याची चूक माझी होती.

घरी वाडा फिरवून बघायला लागली, की चित्र अडखळायचं. चौक अर्धा वळून थांबायचा, मग धक्का खाऊन पुढं सरकायचा. पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची. एकदा म्हणाली, "अब्बा, हे कार्डच मंद आहे." मी वैतागून म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" ती काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी तिनं माझ्यासमोर एक कागद ठेवला. म्हणाली, "मात्रा मोजता ना? मग हे मोजा."

आपल्या साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. चित्र हलतं दिसावं म्हणून ते सेकंदाला साठ वेळा रंगवायचे, म्हणजे बारा कोटींहून अधिक ठिपके. यासाठी कार्डात शेकडो छोटे गणक एकदम राबतात. त्यांना कोअर म्हणतात. कोअरची संख्या, गुणिले एका सेकंदातले ठोके, गुणिले दोन; कारण एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज होते. आलेला आकडा म्हणजे कार्डाची कागदावरची ताकद.

तिनं घेतलेलं उदाहरण गाजलेलं आहे. जीटी १०३० हे कार्ड २०१७मध्ये आलं. ३८४ कोअर, १४६.८ कोटी ठोके. हिशेब येतो सेकंदाला सुमारे १ लाख १३ हजार कोटी आकडेमोडी. २०१८मध्ये त्याच नावानं दुसरं रूप आलं. कोअर तेवढेच, ठोके किंचित कमी. हिशेब सुमारे १ लाख ६ हजार कोटी. फरक जेमतेम सहा टक्के. पण खेळ चालवून पाहिले तेव्हा कित्येक खेळांत दुसरं कार्ड पहिल्याच्या निम्म्यावर आलं!

असं का व्हावं? लग्नाचा भटारखाना आठवा. चारशे आचारी आहेत, पण कोठीतून तांदूळ-मसाला आणणारा गडी सुस्त आहे. आचारी पळी हातात धरून उभे. कार्डाची कोठी म्हणजे त्याची मेमरी. पहिल्या रूपातली मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती पुरवायची, दुसऱ्यात स्वस्त मेमरी घातली आणि तो आकडा १६.८वर आला. नाव मात्र तेच.

कागद वाचून झाल्यावर मी बराच वेळ चूप बसलो. निर्दोष वृत्तातली मेलेली गझल मी पुष्कळ वेळा ऐकली आहे, स्वतःही लिहिली आहे. हे मला कळायला हवं होतं.

पुणेकरांना तर हा भेद कळायलाच हवा. २००७च्या नोव्हेंबरात पुण्यातला, टाटांच्या प्रयोगशाळेतला 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला. त्याची कागदावरची ताकद सुमारे १७१ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १७१ लाख कोटी आकडेमोडी. प्रत्यक्ष मोजणीत भरले ११७.९. चौथा नंबर दिला गेला तो या दुसऱ्या आकड्यावर, कारण त्या यादीत प्रत्येक यंत्राला एक मोठं गणित घालून ते सोडवून घेतात.

मग २०२०मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' आला आणि जगात त्रेसष्टावा ठरला. त्यात या ग्राफिक्स कार्डांच्या थोरल्या भावंडांची फौज आहे. मोजणीत तो भरला सुमारे ४.६ पेटाफ्लॉप. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी त्याच यंत्राची ताकद दोनशे पेटाफ्लॉपच्या वर सांगितली जाते. खोटं कोणीच बोलत नाही. शास्त्रज्ञांच्या गणिताला लांबलचक दशांश लागतात. यंत्राला शिकवताना आखूड आकडे चालतात आणि ते झपाझप उरकतात. तेव्हा कोणी मोठा आकडा फेकला, की आधी विचारावं, कुठल्या कामासाठी?

२०२३मध्ये मी कवितासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले. आवृत्ती थांबू शकते. मुलीची कामं आता थांबणारी नव्हती. समोर दोन कार्डं होती. नवं आरटीएक्स ४०६०, कागदावर १५.१ टेराफ्लॉप, मेमरी ८ जीबी. आणि जुनं ३०६०, १२.७ टेराफ्लॉप, मेमरी १२ जीबी. खेळ खेळणाऱ्यानं खुशाल नवं घ्यावं, ते वीजही कमी खातं. पण हिचे वाडे आता मोठे झालेत. एकेक दृश्य दहा-दहा जीबीचं. आठच्या कोठीत ते मावणार कसं? तिनं कागदावर हरलेलं कार्ड निवडलं.

मी पाकीट काढणार, तेवढ्यात तिनं हात धरला. "थांबा अब्बा. ३०६०चंही एक ८ जीबीचं रूप निघालंय, तेवढ्याच कोअरचं. त्याचा रस्ता १२८ बिटचा, आपल्याला हवा तो १९२चा. खोका वाचा. मोठ्यानं."

मी चष्मा पुसला, खोका उलटा केला आणि भर दुकानात मोठ्यानं वाचलं, "बारा जीबी. एकशे ब्याण्णव बिट."