मास्तरांचा नंबर



दर महिन्याला एक काम मी न चुकता करतो. सिन्नरच्या बसस्थानकाजवळच्या मोबाइलच्या दुकानात जातो आणि एक नंबर रिचार्ज करून येतो. त्या नंबरवरून कुणी कुणाला फोन करत नाही. ज्यांचा तो नंबर, ते मास्तर जून 2020 मध्ये गेले. दुकानातला मुलगा सुरुवातीला विचारायचा, "चाचा, एवढं कशाला भरता?" आता विचारत नाही.

मास्तर आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. शाळेच्या नोकरीनं सिन्नरला आले आणि इथलेच झाले. मी बी.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा गल्लीत त्याचा आनंद झालेला हा एकटाच माणूस. माझी पहिली कविता त्यांनी लाल पेनानं तपासली. आशय बरा, ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका. रस्त्यात भेटले की ते मला 'सलाम' म्हणत आणि मी त्यांना 'नमस्कार'. नवखा माणूस गोंधळून आमच्याकडे आळीपाळीनं बघायचा. त्यांच्या माहेरच्या मंडळीत एकमेकांना सलाम करण्याचीच रीत होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना असे. मुलगा दुबईहून सुट्टीला आला, की प्रार्थनेआधी भाकरीची दुरडी फिरायची. भाकरीसाठी नव्हे, मोबाइल गोळा करायला. सून, नात, जावई, सगळ्यांचे फोन दुरडीत, वरून फडकं. एकदा 'आमेन'च्या आत दुरडीतूनच कसलंसं सिनेमातलं गाणं वाजलं. बाईंनी डोळे मिटल्या-मिटल्याच दुरडीवर आणखी एक फडकं टाकलं.

पण मास्तरांचं फोनशी वैर नव्हतं, हे सांगायला हवं. घरच्या माणसांचा गट त्यांनीच सुरू केला होता. रोज सकाळी सहाला त्यावर त्यांचा आवाज यायचा. आधी स्तोत्रसंहितेतलं एखादं वचन, मग सिन्नरची हवा, मग कांद्याचा भाव. क्रम कधी बदलला नाही. वैर होतं ते माझं. माझ्या पोरानं फोनमध्ये अजानचं अॅप घेतलं, तेव्हा मी चिडलो होतो. म्हटलं, इबादतीची वेळ आता यंत्रानं सांगायची का? मास्तर म्हणाले, "मशिदीवर पहिला भोंगा लागला, तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं असेल." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

त्यांचं घोडं एका ठिकाणी अडायचं. नात मराठीतले निरोप इंग्रजी अक्षरांत लिहायची. तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांना फादर स्टीफन्सची आठवण दिली. स्टीफन्स जन्मानं इंग्रज, गोव्यात आलेला जेझुइट. त्यानं दहा हजारांवर ओव्यांचं मराठी ख्रिस्तपुराण रचलं. 1616 साली राचोलला ते छापलं गेलं, ते रोमन अक्षरांतच. म्हणजे तुमची नात चारशे वर्षांच्या परंपरेला धरून आहे, असं मी म्हणालो. मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "स्टीफन्सकडे आपल्या लिपीचे खिळे नव्हते. हिच्याकडे आहेत."

मार्च 2020 मध्ये सगळंच थांबलं. 12 एप्रिलचा ईस्टर मास्तरांनी टेबलावर फोन उभा करून केला. फोनला टेकू कशाचा, तर आमच्याकडच्या लोणच्याच्या बरणीचा. पुढं आमचा रमजान आला. तरावीहची नमाज घरातच. भिंतीच्या पलीकडून रविवारी गाणं ऐकू यायचं, पाळकांचा आवाज तुटत तुटत यायचा. अलीकडं आम्ही चौघं एका चटईवर. ईदला शिरखुर्मा भिंतीवरूनच दिला, हात लांब करून.

जूनमध्ये मास्तरांचं हृदय बंद पडलं. करोना नव्हता. पण अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, आणि परदेशातून नेहमीची विमानं बंद. मुलगा दुबईत अडकलेला. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही फोन धरा. त्याला दिसू दे."

इथं मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आदल्याच वर्षी माझे सख्खे चाचा गेले होते. कब्रस्तानात माझा चुलतभाऊ, चाचांचा धाकटा मुलगा, मोबाइलवर चित्रण करत होता. मी तो त्याच्या हातून हिसकावला. दहा माणसांदेखत त्याला बोललो, बाप मातीत जातोय आणि तू तमाशा उभा केलास? त्यानं मान खाली घातली आणि माझ्यासमोरच ते पुसून टाकलं.

आणि आता मीच कबरेच्या काठावर हात वर करून उभा होतो. तोंडाला मास्क, चष्म्यावर वाफ. पाळक वाचत होते. रेंज येत होती, जात होती. पडद्यावर मुलाचा चेहरा मधेच थिजायचा, तोंड अर्धं उघडं. लोक मूठमूठ माती टाकू लागले. माझे दोन्ही हात फोनला. मास्तरांना माझी मूठभर माती गेलीच नाही. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "चाचा, चित्र गेलंय. आवाज येतोय. फोन जरा खाली धरा, माती ऐकू द्या." मी उकिडवा बसलो आणि फोन खड्ड्याच्या कडेला नेला.

मास्तर एक हकीकत नेहमी सांगत. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकेकाळी नाशिकच्या शरणपुरात, मिशनच्या शाळेत शिकली. त्यांतली काही पुढं लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत होती. 1873 साली लिव्हिंग्स्टन तिथं अंतर्भागात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. अंत्यविधीचं वाचन केलं नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटनं. मग तो देह वाळवून, गुंडाळून, किनाऱ्यापर्यंत कित्येक महिने पायी वाहून नेला. का, तर त्याच्या माणसांनी त्याला माती द्यावी म्हणून. एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत ती दिली गेली आणि जेकब तिथंही हजर होता. मास्तर सांगताना 'आपल्या नाशिकचा पोरगा' असं म्हणत. त्या दिवशी उकिडवा बसल्या-बसल्या मला हेच आठवत होतं. माझ्या हातातलं ओझं कितीसं? पावशेरही नाही. पण मनगट दुखत होतं खरं.

महिन्याभरानं मी चुलतभावाकडे गेलो. म्हटलं, तुला उगीच बोललो. तो म्हणाला, "भाईजान, ते चित्रण मी अम्मीसाठी घेत होतो."

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. चाचीनं घराच्या उंबऱ्यातून जनाजा उचललेला पाहिला, तेवढाच. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठं ठेवलं, कसं ठेवलं, हे तिला दाखवायचं त्या पोराच्या मनात होतं. हे मला त्या दिवशी विचारायला सुचलं नाही. पुसलेलं परत आणता येतं का, म्हणून मी दुकानात विचारून आलो. इतक्या दिवसांनी नाही येत, असं त्या मुलानं सांगितलं.

मास्तरांचा मुलगा पुढच्या वर्षी आला. बापाचे सगळे आवाज त्यानं पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवले आणि म्हणाला, आता नंबर सोडला तरी चालेल. बाईंना ते चालत नाही. रिचार्ज केलं नाही, तर नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला दिला जातो, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. गटात मास्तरांच्या जागी परका माणूस नको. त्या रोज सकाळी सहाला एक जुना निरोप लावतात. मला भिंतीतून ऐकू येतो. आधी वचन, मग हवा, मग भाव. डिसेंबर 2019 मध्ये कांदा किलोला शंभराच्या वर गेला होता. तो निरोप लागला, की बाई अजूनही "अगं बाई!" म्हणतात, जणू आजच बाजारात जायचंय.

चाचीशी मात्र मी अजून बोललेलो नाही. तिचं वय झालंय, नजर गेलीय, पण रेडिओ सुटलेला नाही. बातम्या झाल्या की बंद करते. काल मी तिला सांगून आलोय, उद्या बातम्या झाल्यावर बंद करू नकोस.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)