हायड्रोजन की बॅटरी?

पनवेलहून निघालेली विजेची मोटार बोरघाट चढताना बॅटरी भराभर संपवते. परतीच्या उतारावर तिचीच मोटर जनित्र बनते आणि थोडी वीज परत मिळते. हायड्रोजनच्या गाडीत टाकीतला वायू हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो, वीज तयार होते, नळीतून फक्त पाणी टपकतं. केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी २०२० मध्ये पुण्यात अशी गाडी चालवून दाखवली. टाकी पाचेक मिनिटांत भरते, हे सुख मोठंच! पण पाण्यातून हायड्रोजन काढणं, तो दाबून भरणं, त्याची पुन्हा वीज करणं, यात निम्म्याहून अधिक वीज वाया जाते. म्हणून घरच्या मोटारीला बॅटरीच बरी. हायड्रोजन न्हावाशेवा बंदरातून निघणाऱ्या अवजड कंटेनर ट्रकांसाठी राखावा, असं मला वाटतं.