आमचा डास विकायचा नव्हता

आवाज नीट येतोय ना? मागे भांड्यांचा आवाज आला तर समजून घ्या, स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत बसून रेकॉर्ड करून राहिले.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, हॅलोविन आलंय, घरच्या घरी भुतं, वटवाघळं, कवट्या असं काही कसं करायचं, स्वस्तात सांग. सांगते. कागद, कापड, बांबू, करवंट्या, सगळं सांगते. पण मी हे जे काही शिकले ते हॅलोविनसाठी शिकले नाही, मारबतीसाठी शिकले. म्हणून सुरुवात ऑगस्टपासून करावी लागेल.

नागपूरच्या बाहेर जे ऐकतात त्यांच्यासाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल घेऊन फिरतात, तो तान्हा पोळा. त्याच दिवशी जुन्या नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची असं सांगतात. काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसलेंचा निषेध, असं जुने लोक म्हणतात. कोणी तिला पूतना मावशी म्हणतं. पिवळी निघते जागनाथ बुधवारीतून, तेली समाजाची. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्या मागून बडग्ये. हे पुरुष पुतळे, दर वर्षी नवीन. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या कोणावर त्या वर्षी लोकांचा राग असेल त्याचा बडग्या. रोगराई, माशा, डास सगळं घेऊन जा असं मारबतीला ओरडून सांगायचं आणि शेवटी जाळून टाकायचं.

हॅलोविनची मुळंही तशी फार लांब नाहीत. आयर्लंडमध्ये भोपळ्याच्या आधी सलगम कोरायचे, त्यात दिवा ठेवायचे, वाईट आत्मे दूर राहावेत म्हणून. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला सोपा. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात आणि त्याची भाजी करतात, ते वेगळं.

तर ऑगस्ट. आमच्या आईला डेंग्यू झाला. सहा दिवस दवाखान्यात होती, एका दिवशी प्लेटलेट अठ्ठावीस हजारांवर आल्या. घरी मी आणि माझा लहान भाऊ, नऊ वर्षांचा. बाबा दवाखान्यात. भाऊ रात्री झोपायचाच नाही. डोळे मिटले तरी विचारायचा, "ताई, तू जागी आहे ना?" आई घरी आली तरी ते थांबलं नाही. आई झोपली की हा तिच्या नाकासमोर हात धरून बघायचा.

आणि एक गोष्ट मला माहीत होती, जी घरात कोणीच बोलत नव्हतं. कूलर. नागपूरकरांना सांगायला नको, मे-जून कूलरशिवाय निघत नाही. पाऊस आला की तो बंद होतो, पण टाकीत पाणी तसंच राहतं. आमच्या घरी तो रिकामा करायचं काम माझं. आज करते, उद्या करते म्हणत मी जुलै काढला. डेंग्यूचा डास, एडिस, गटारात नाही वाढत, असल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आई दवाखान्यात असताना मी जाऊन झाकण काढून पाहिलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

डास आमच्याच कूलरमधला होता असं कोणी सिद्ध करू शकत नाही. शेजारच्या घराच्या गच्चीवर चार टायर पडलेले आहेत. पण मला तो आमचाच वाटत होता.

पोळा आठवड्यावर आला होता. भाऊ म्हणाला, "ताई, आपण डासाचा बडग्या करू ना."

आता बनवायचं कसं ते सांगते, आणि हेच तुम्ही हॅलोविनला वापरू शकता.

आधी मी ऑनलाइन व्हिडिओ पाहून सुरुवात केली. थर्माकोलचं डोकं, त्यावर फेविकॉल आणि टिश्यू पेपर, वर स्प्रे पेंट. दिसायला मस्त झालं. ते घेऊन चितार ओळीत गेले. महालातली ही गल्ली म्हणजे मूर्तिकारांची, त्या दिवसांत गणपतींनी भरलेली. एका काकांना विचारलं, याला बाकी अंग कसं जोडू? त्यांनी डोकं हातात घेतलं, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "पोरी, हे जाळणार आहे ना? मग गल्लीतल्या लोकांना धूर काऊन खाऊ घालते?"

थर्माकोल जळला की काळा, घशाला चिकटणारा धूर निघतो. मी घरातल्या आजारी माणसासाठी बडग्या करत होते आणि तिच्याच खिडकीखाली हे जाळणार होते. तेव्हापासून आमचा एकच नियम झाला, चुलीत घालता येईल तेच वापरायचं.

बांबूच्या कामट्या घ्या. बुरडाकडे मिळतात. रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर वाकवताना मोडतात. तीन कड्या करायच्या, मोठी, मधली, लहान, आणि सुतळीने उभ्या कामट्यांवर बांधायच्या. झालं पोट. आमचं तीन फुटांचं होतं.

वरून कागद. जुनं वर्तमानपत्र कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कडा एकमेकींत मिसळते, कापलेली कडा रंगाखालूनही दिसते. चिकटवायला मैद्याची खळ. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग एकूण चार वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत. मोठे कारागीर किडे-उंदीर लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद टाकतात. तुम्ही टाकू नका. ते विषारी आहे आणि लहान मुलांची बोटं तोंडात जातात. लागेल तेवढी रोज ताजी शिजवा.

आमचा पहिला घोळ इथेच झाला. मी एका दिवसात पाच थर दिले. बाहेर पाऊस, हवेत ओल. तिसऱ्या दिवशी डासाच्या पाठीवर हिरवी बुरशी आणि घरभर आंबूस वास. आईनेच खोलीतून ओरडून विचारलं, "काय सडून राहिलं बे?" सगळं सोलून पुन्हा केलं. एक थर, मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचं, मग दुसरा. तीन थर पुरतात. ऑक्टोबरअखेर हवा कोरडी असते, तुम्हाला हा त्रास होणार नाही.

डोळ्यांना दोन करवंट्या, आतून लाल पतंगी कागद. पंखांनाही पतंगी कागदच, पातळ कामटीच्या सांगाड्यावर. पतंग बांधता येत असेल तर वटवाघळाचा पंख तुम्हाला आधीच येतो, फक्त खालची कडा करवतीसारखी कापा. सोंडेला पपईच्या पानाचा देठ. शेजारच्या काकूंनी आईला रस काढून द्या म्हणून ढीगभर पाला आणून दिला होता. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तो पडून होता. देठ पोकळ असतो, पण दोन दिवसांत मान टाकतो, म्हणून आत काडी घातली. काळ्या रंगासाठी दिव्याची काजळी धरून खळीत कालवली. पोस्टर कलरपेक्षा ती जास्त भीतिदायक दिसते, कारण तिला चमक नसते. पाय काळ्या सुती चिंध्या गुंडाळून केले, आणि त्यावर पांढरे पट्टे गॉजच्या पट्टीचे. एडिसच्या पायांवर खरंच असे पांढरे पट्टे असतात.

आणि केस. डासाला केस नसतात हे मला माहीत आहे, भावाला पाहिजे होते. कूलरच्या पॅडमधलं ते लाकडी गवत असतं ना, ते त्यानेच ओढून आणलं. मी काहीच बोलले नाही.

पोटाला त्याने एक दार ठेवायला लावलं. कशाला, तर आत वस्तू ठेवायला. मारबत घेऊन जाते ना, मग तिला पिशवी नको? हे त्याचं लॉजिक. दोन दिवस तो चिठ्ठ्या लिहून आत टाकत होता. एका संध्याकाळी दाराची कड सुटली, ती चिकटवताना एक चिठ्ठी बाहेर पडली. पेन्सिलने लिहिलेलं होतं, "आई मरेल."

मी ती परत आत ठेवली. मग एका कागदावर लिहिलं, "कूलर मी रिकामा केला नाही", तो घडी करून आत टाकला आणि दार खळीने बंद केलं.

डास पूर्ण झाल्यावर मी रील टाकली. दुसऱ्या दिवशी एका कॅफेवाल्यांचा मेसेज. हॅलोविनला दारात लावायला हाच पाहिजे, तीन हजार देतो, फक्त वर लाल लाइट लावा. खरं सांगते, मी हो लिहून टाकलं होतं, पाठवायचं बाकी होतं. दवाखान्याच्या बिलानंतर घरात तीन हजार म्हणजे थोडे नव्हते. आणि आठ दिवसांची मेहनत दहा मिनिटांत जाळायची, हे मलाही जीवावर आलं होतं. इतकं चांगलं मी आधी काही केलंच नव्हतं.

भावाला म्हटलं, आपण हा विकू, जाळायला दुसरा छोटा करू. तो रडला नाही. मला समजावल्यासारखं म्हणाला, "पण ताई, त्याच्या पोटात ते आहे ना."

ते तीन फुटी पोट कॅफेच्या दारात लोंबकळतंय, खाली लोक सेल्फी काढून राहिले, आणि आत ती पेन्सिलची चिठ्ठी. मी मेसेज पुसला.

बडग्याच्या गळ्यात पाटी असते, कोणावर राग आहे ते सांगणारी. पाटीवर भावाने नाव नाही लिहिलं, चित्र काढलं. खिडकी आणि खिडकीत कूलर. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आई पहिल्यांदा धरून धरून बाहेर आली, तिने पाटी पाहिली. विचारलं, "हे काय काढलं?"

मग मी सांगितलं. टाकी, जुलै, अळ्या, सगळं. उभ्या उभ्याच.

आई थोडा वेळ डासाकडे बघत राहिली. म्हणाली, "रोज त्याच खिडकीत बसून भाजी निवडत होती मी. मला का पाणी दिसत नव्हतं?" आणि मग, "याला केस काऊन लावले?"

इतवारीला आम्ही गेलो नाही, त्या गर्दीत आईला नेता आलं नसतं. गल्लीतच घमेल्यात जाळला. शेजारची पोरं लाकडी बैल घेऊन आली, सगळ्यांनी ओरडून घेतलं. काजळीचा कागद भरकन पेटतो, पतंगी पंख तर एका सेकंदात गेले. करवंट्या उशिरापर्यंत धगधगत राहिल्या, लाल डोळे तसेच. जवळ पाण्याची बादली ठेवा, वारा असेल तर जाळू नका, हे वेगळं सांगायला नको.

भाऊ त्या रात्री लगेच झोपला असं म्हणणार नाही. दोनदा उठला. पण "तू जागी आहे ना" न विचारता परत आडवा झाला.

कूलरची टाकी मी घासली. नुसतं पाणी ओतून चालत नाही, एडिसची अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पुढच्या पाण्यात फुटतात. ब्रशने खरवडावं लागतं.

त्या कॅफेवाल्यांना मी नंतर कळवलं की डास गेला, पण बाकी काही करून देते. ऑर्डर मिळाली. पतंगी कागदाची बारा वटवाघळं, करवंटीच्या सहा कवट्या, आणि जुन्या मलमलच्या साडीची भुतं. मलमल पातळ खळीत बुडवा, फुगवलेल्या फुग्यावर टाका, वाळली की फुगा फोडा. आत काही नसलेलं भूत उभं राहतं, त्याच्यात दिवा नाही, सेलवरची छोटी लाइटच ठेवा. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं कागद आणि गवताचा भलामोठा नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात, त्यांना ही सगळी कामं पाठ असतील.

सामान पोचवायला गेले तेव्हा भाऊ सोबत होता. त्याने कॅफेवाल्या दादांना विचारलं, "हे कधी जाळणार?"

ते हसले. म्हणाले, "जाळायचं कशाला? खोक्यात ठेवू, पुढच्या वर्षी परत लावू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. घरी येताना गाडीवर मागून म्हणाला, "ताई, मग त्यांची भुतं जातात कुठं?" मला उत्तर आलं नाही. तुमच्याकडे असेल तर त्याला व्हॉइस नोट पाठवा, तो सगळ्या ऐकतो. चला, आई जेवायला बोलावून राहिली. ठेवते.