मुरणे आणि झिरपणे



या आसनावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. ते ऋण फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो म्हणजे गेली पस्तीस वर्षे ज्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही, तो त्याच्या सर्व गुंतागुंतीसह आपल्यापुढे ठेवणे. पिकावर मारलेले कीटकनाशक अखेरीस जमिनीवर येते. जमिनीवर आलेले ते तिथेच राहते की पुढे जाते, आणि राहते तर कोणत्या मातीत, जाते तर कोणत्या मातीतून, एवढाच तो प्रश्न आहे.

आपला शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, आणि ते कुठे गेले असे विचारले तर ‘जमिनीत मुरले’ असे उत्तर देतो. मुरणे हा आपल्या भाषेतला मोठा आश्वासक शब्द आहे. लोणचे मुरते, पाऊस मुरतो, आणि मुरलेली वस्तू जिथे मुरली तिथलीच होऊन जाते असा त्यात विश्वास आहे. त्याच्याच शेजारी झिरपणे हा दुसरा शब्द आहे. त्यात वस्तू कुणाचीच होत नाही, वाट सापडेल तशी खाली उतरत राहते आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होते. आमच्या शास्त्राने अधिशोषण, निचरा अशा कितीही संज्ञा घडविल्या, तरी त्याचे सारे प्रयोजन शेतकऱ्याला एवढे सांगता येण्यात आहे, की बाबा, तुझ्या शेतात औषध मुरले की झिरपले.

या विषयाशी माझी पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही. आमच्या लहानपणी बीएचसीची पांढुरकी भुकटी फडक्याच्या पुरचुंडीतून शेतावर धुरळीत. तिचा कुबट, नाकात बसणारा वास दोनचार दिवसांत नाहीसा होई आणि आम्ही तो विसरून जात असू. पण पुढे उन्हाळा सरून मृगाचा पहिला शिडकावा झाला, की मातीच्या सुगंधात मिसळून तोच कुबट वास बांधाबांधावरून पुन्हा उठे. आजी पदर नाकाला लावी आणि म्हणे, ‘जमीन ओकली.’ आजीच्या त्या दोन शब्दांचा अर्थ मला पुढे महाविद्यालयात कळला. कोरड्या मातीचे कण औषधाचे रेणू आपल्या पृष्ठावर धरून ठेवतात. पाणी येताच त्याच जागेवर पाण्याचा हक्क वरचढ ठरतो, औषध बेदखल होते आणि वाफ होऊन वर येते. बीएचसीवर आपल्याकडे 1997 साली बंदी आली. पण मातीने धरलेली वस्तू संपलेली नसते, ती केवळ थांबलेली असते, हा धडा मला त्या वासाने दिला आणि तो मी आजतागायत विसरलेलो नाही.

माती धरते ती कशाने? बहुतेक कीटकनाशके विद्युत्भाररहित आणि पाण्याला कमीअधिक विन्मुख असतात. अशांना आसरा देतो तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, शेणखताचा, मुळ्यांचा तो काळसर अंश. लिटरभर पाण्यात डीडीटी काही मायक्रोग्रॅमच विरघळते, म्हणून ते सेंद्रिय कर्बाला असे बिलगते की वर्षानुवर्षे वरच्या थरातून हलत नाही. उलट आज कपाशीच्या शेतात सर्रास दिसणारे इमिडाक्लोप्रिड तेवढ्याच पाण्यात सुमारे 600 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ लाखपट अधिक विरघळते, आणि पाण्यासंगे चालू लागते. पॅराक्वाट हे तणनाशक या दोहोंहून निराळे आहे. त्याच्या रेणूवर धनभार असतो आणि चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋणभार. म्हणून पाण्यात सहज विरघळणारे असूनही ते काळ्या मातीच्या पापुद्र्यांमध्ये शिरले की तिथेच कोंडले जाते. त्याने पिकाला उपद्रव होत नाही, पण मातीतल्या जीवाणूंनाही ते खाता येत नाही, आणि वर्षे लोटली तरी ते तसेच पडून असते. मातीची पकड हे संरक्षण आहे आणि ते तारणही आहे. तारण ठेवलेली वस्तू सोडवायला कोणी येणारच नाही, असे समजून आपण व्यवहार करतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आता आपण ज्या मातीवर बसलो आहोत तिच्याकडे वळू. कापसाची काळी, भारी जमीन म्हणजे शेकडा 40 ते 60 चिकणमाती. कागदावर पाहिले तर औषध धरून ठेवण्यास याहून समर्थ माती शोधून सापडणार नाही. परंतु या सामर्थ्याला दोन उणिवा आहेत. एक अशी की तिचा काळा रंग पाहून कर्बाची जी अपेक्षा होते ती पृथक्करणात टिकत नाही. आपल्या बहुतेक काळ्या रानांत सेंद्रिय कर्ब शेकडा अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. दुसरी उणीव या वैशाखात सभामंडपाबाहेर दहा पावले चाललात तरी पायाखाली दिसेल. ती म्हणजे भेगा. हाताचा पंजा सहज आत जाईल इतक्या रुंद, आणि उतरून पाहू म्हटले तर कमरेइतक्या खोल. इंग्लंडातील रॉदमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी 1882 सालीच लिहून ठेवले होते, की पावसाचे बरेचसे पाणी मातीच्या कणाकणाला भेटत खाली जात नाही, मोकळ्या वाटांनी सरळ उतरते. हे निरीक्षण तिकडच्या मातीवरचे होते. आपल्या काळीत तर त्या वाटा राजरस्त्याएवढ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रानात, भेगा मिटण्यापूर्वी, मिठाईत घालतात तसला निळा रंग पाण्यात कालवून आम्ही जमिनीवर एकसारखा शिंपडला, आणि दुसऱ्या दिवशी बाजूने चर खणून मातीची उभी भिंत साफ केली. वरच्या चार बोटांत निळाई सर्वत्र पसरलेली होती. त्याखाली ढेकळांची अंगे कोरडी, काळी, रंगाचा स्पर्शही न झालेली. पण भेगेच्या दोन्ही कडांवरून, कुंचल्याने ओढावी तशी, एक निळी रेघ सव्वा हातापर्यंत सलग उतरलेली होती, आणि तिच्या तळाशी कपाशीच्या जुन्या मुळीची जी पोकळी होती तिच्यातून वळसा घेऊन आणखी खाली नाहीशी झाली होती. माझ्याबरोबर त्या शेताचे धनी होते. त्यांनी ती रेघ बोटाने चाचपली, बोट पाहिले, आणि शेताच्या कोपऱ्यातल्या विहिरीकडे नजर टाकली. त्या दिवशी मी काहीही समजावून सांगितले नाही. त्याची गरज उरली नव्हती.

म्हणून काळ्या जमिनीविषयी एकच एक विधान करणे मला धोक्याचे वाटते. धूळपेरणीनंतरच्या पहिल्या सरींत ती गाळण्याचे काम करीतच नाही. पाणी, पाण्यात विरघळलेले औषध आणि औषधाला धरून बसलेले मातीचे बारीक कणसुद्धा भेगेतून एकदमच खाली जातात. पंधरा दिवसांनी, माती फुगून भेगा मिटल्यावर, तीच जमीन इतकी घट्ट होते की पाणी आत शिरत नाही. मग तेच औषध गढूळ लोंढ्याबरोबर बांध ओलांडून नाल्याला मिळते. वापसा असलेली, शांत, सर्वांगाने ओली जी काळी जमीन खरोखरच औषध धरते, ती या दोन अवस्थांच्या मधली. आणि प्रयोगशाळेत काचेच्या नळीत चाळलेली माती ठासून आम्ही जे आकडे काढतो ते नेमके या मधल्या अवस्थेचे असतात. आमच्या शास्त्राचा हा दोष मी या व्यासपीठावरून मोकळेपणाने कबूल करतो.

सह्याद्री उतरून कोकणात गेलो की सारा हिशेब पालटतो. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 साली मलबारातल्या ज्या दगडाला लॅटेराइट हे नाव दिले, तोच आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. त्याच्या मातीत फुगणारी चिकणमाती नाही. लोह आणि अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे आहेत, आम्लता आहे, आणि सेंद्रिय कर्ब काळीपेक्षा बहुधा अधिकच आहे. ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाला ही लोहऑक्साइडे घट्ट धरतात. परंतु ज्या जागी ते बसते ती जागा स्फुरदाचीही असते, आणि वरून स्फुरदाची भरघोस मात्रा दिली तर पहिल्या कुळाला उठावे लागण्याची शक्यता निर्माण होते. त्याखाली जांभ्याचा पोकळ, छिद्रमय थर आणि वरून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस! तिथल्या विहिरीचे पाणी पावसागणिक कसे चढते हे कोकणी माणसाला सांगायला नको. याच जांभ्याच्या पट्ट्यावर, दक्षिणेकडे कासरगोडच्या काजूच्या टेकड्यांवर, दोन दशकांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान फवारले गेले आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाला त्याचा वापर देशभर थांबवावा लागला. एंडोसल्फान हे पाण्यात फारसे न विरघळणारे, मातीला चिकटणारे द्रव्य. पण डोंगरउतारावरची माती स्वतःच स्थिर नसेल तर तिला चिकटून राहणाऱ्याचे स्थैर्य ते काय?

एक परदेशचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ती मातीही आपल्याप्रमाणे ज्वालामुखीची लेक आहे. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवर केळीच्या सोंडकिड्यासाठी 1972 ते 1993 या काळात क्लोरडेकोन नावाचे कीटकनाशक जमिनीत घातले गेले. ते आजही तिथे आहे. बेटांवरच्या तरुण ज्वालामुखीय मातीत, जिच्यात अॅलोफेन हे स्पंजासारखे सच्छिद्र खनिज असते, त्याचा साठा सर्वाधिक आढळला. आणि त्याच मातीतून पाण्यात आणि कंदमुळांत ते सर्वांत कमी उतरले. शेजारच्याच जुन्या, तांबड्या मातीत साठा कमी, पण रताळ्यात आणि ओढ्यात उतार जास्त. मातीत विष किती, एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरावर जो विसंबून राहील तो तिथे नेमका चुकीच्या शेताला निर्धोक ठरवील. माती किती सोडते, हे विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या राज्यात मातीची अशी विचारपूस करण्याची परंपरा नव्हती असे नाही. 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या जमाबंदीचा पाया घातला, तिच्यात प्रत्येक नंबरात खड्डे घेऊन मातीची खोली हातांनी मोजली जाई. पावणेदोन हात खोल उत्तम मातीला सोळा आणे, आणि तिथून उतरत उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. चुनखड असेल, वाळू मिसळलेली असेल, उतार असेल, पाणी साचत असेल, तर त्या दोषाची खूण मांडून प्रत खाली उतरे. साऱ्याच्या वसुलीसाठी का होईना, सरकारी कारकून कुदळ घेऊन बांधावर उभा राहिला आणि मातीची कैफियत त्याने दप्तरात नोंदली. आज कीटकनाशकाच्या बाटलीवर पीक, कीड, हेक्टरी मात्रा, पाणी, काढणीपूर्वीची मुदत आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो; काही तणनाशकांच्या बाबतीत हलकी-भारी असा भेदही केला जातो, पण तो तण मरावे म्हणून, विहीर वाचावी म्हणून नव्हे. बरड, मुरमाड, चोपण, गाळवट, जांभी हे शब्द, ज्यांत आपल्या पूर्वजांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे, त्यांना त्या कागदावर जागा नाही. 1989 साली गुस्टाफसनने औषधाच्या झिरपण्याचा जो सुटसुटीत निर्देशांक दिला आणि जो आम्ही विद्यार्थ्यांना आजही शिकवतो, त्यातदेखील औषधाचे अर्धआयुष्य आणि त्याची कर्बाशी आसक्ती एवढ्या दोनच राशी आहेत. तो औषधाचा दाखला आहे, मातीचा नव्हे.

द्राक्षांच्या बाबतीत आपण शहाणे झालो, पण ते ग्राहकाच्या तगाद्यामुळे. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली, आणि आता मण्यामण्याचा हिशेब ठेवला जातो. त्या वेलीखालच्या मुरमाड जमिनीत काय उतरले, याचा तगादा लावणारा ग्राहक मात्र कोणी नाही. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजार कोटी भागांत एक भाग. वाड्यावस्त्यांवरच्या ज्या विहिरींवर सकाळी हंडे भरले जातात, त्यांच्या पाण्याला हा मापदंड लावून पाहण्याची हिंमत आपण दाखवली पाहिजे, आणि ती तपासणी पावसाळ्यानंतर सवडीने न करता पहिल्या दोन पावसांच्या आत केली पाहिजे, कारण भेगांची वाट त्याच वेळी उघडी असते.

तोपर्यंत काय करावे, असे मला काल एका ताईंनी विचारले. भेगाळलेल्या रानावर, पाऊस तोंडावर आलेला असताना, जमिनीत द्यायचे औषध देऊ नये. आधी वखराची पाळी घालून भेगांची तोंडे बुजवावीत. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर भरू नये आणि तिथे विसळू तर मुळीच नये, कारण त्या विसळणाला मातीची भेटच होत नाही. आणि शेणखत, पालापाचोळा, धसकटे जाळून न टाकता रानातच कुजू द्यावीत. सेंद्रिय कर्बाइतका इमानी राखणदार आपल्याला दुसरा मिळणार नाही.

आणखी एक विनंती करून मी थांबतो. या मंडपाच्या पूर्वेला, निंबाच्या झाडापलीकडच्या पडीक तुकड्यात, आज पहाटे आम्ही निळ्या रंगाचे पाणी शिंपडून ठेवले आहे. उद्या सकाळी सात वाजता तिथे चर खणायचा आहे. कुदळी आणि फावडी स्वागतसमितीने दिली आहेत, ऊन चढण्यापूर्वी काम उरकायचे आहे, आणि ज्यांची शेते विहिरीला लागून आहेत त्यांनी कृपा करून अगदी पुढे उभे राहावे.